अन्नगटांचा धडा ताटावरूनच शिकवा




आहार आणि अन्नगट हा विषय आपल्या सीमाभागातल्या प्राथमिक शाळांत पाठ करून घेतला जातो, शिकवला जात नाही. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे ही यादी चौथीतले मूल एका दमात म्हणते. पण ‘आज दुपारी जेवलास त्यात प्रथिने कशात होती?’ एवढे विचारले की ते गप्प होते. भालकी तालुक्यातल्या मराठी शाळांत मी शिकवले आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते.

वाईट याचे वाटते की शिकवायचे साहित्य रोज शाळेतच शिजते. दुपारच्या जेवणाची अक्षर दासोह योजना २००२ साली सुरू झाली ती आपल्याच, ईशान्य कर्नाटकातल्या जिल्ह्यांतून. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल आणि त्यातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण देशभरासाठी ठरलेले आहे. हे आकडे किती वर्गांत मुलांसमोर मांडले जातात? तराजू आणा आणि वीस ग्रॅम तूरडाळ मुलांनाच तोलू द्या. बिसिऊटाचे, म्हणजे शाळेतल्या गरम जेवणाचे, सांबार पातळ का नसावे हे त्यांना कळेल, वर गणिताचा तासही होईल. भाजी तोलली की ताटात ती किती दिसायला हवी हेही कळेल. काही मुख्याध्यापकांना हे अडचणीचे वाटेल. वाटू द्या.

आता अंड्यांबद्दल. डिसेंबर २०२१ मध्ये बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूरसह कल्याण कर्नाटकातल्या शाळांत अंडी देणे सुरू झाले, तेव्हा काही मठाधीशांनी विरोध केला. अंडी टिकली, हे योग्यच झाले. २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने ती आठवड्यातून सहा दिवस देण्याचे ठरले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातली पाच वर्षांखालची ६५ टक्क्यांहून अधिक मुले रक्तक्षयी आढळली. हीच मुले पुढे पहिलीत येऊन बसतात. त्यांच्या ताटातल्या अंड्यावर वाद घालायला आपल्याला सवड मिळतेच कशी?

पण जे मूल अंडे खात नाही त्याच्या हातात आपण केळे ठेवतो. केळे चांगलेच फळ आहे, मात्र अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि केळ्यात जेमतेम एक. म्हणजे सकाळी फळ्यावर दोन वेगळे गट लिहायचे आणि दुपारी एकाच्या जागी दुसरा वाढायचा. मूल फळा विसरते, ताट विसरत नाही. शाकाहारी घराचा मान राखायलाच हवा, आणि अंडे खाणाऱ्या मुलाला कोणी हिणवू नये हेही शिक्षकाने पाहायला हवे. पण मान राखायचा तर त्या मुलाला त्याच गटातले काही द्या. शेंगदाणे, मोड आलेली मटकी, उकडलेले हरभरे. मूठभर शेंगदाण्यांत अंड्याइतकी प्रथिने असतात आणि ते आपल्याकडे पिकतात.

पिकण्याचाच विषय निघाला म्हणून सांगते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या घरांत जोंधळ्याची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी रोजची आहे. शाळेत मात्र मुख्यतः भात. २०२४ पासून दुधाबरोबर नाचणीचे माल्ट आले, त्याचे स्वागतच आहे, पण नाचणी दक्षिण कर्नाटकाची. आमच्या मुलांचा जोंधळा शाळेच्या ताटात का नाही? रोज भात दिसला की मुलाला वाटू लागते, भाकरी गरिबाची आणि भात शिकलेल्यांचा. मग पाच रुपयांचे कुरकुऱ्यांचे पाकीट त्याहून शहाण्यांचे ठरते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत किमान आठ अन्नगटांतून आहार घ्यायला सांगितले आहे. मार्गशीर्ष अमावस्येला, येळवसाला, आपली माणसे शेतात जाऊन जेवतात ते जेवण मोजून पाहा. बाजरीचे उंडे, भज्जी या मिश्र भाजीत ओली तूर, हरभरा, वाटाणा, वाल, मेथी, चुका, गाजर, त्यात शेंगदाणे, वर ताकातली आंबील आणि तोंडात टाकायला बोरे. तृणधान्य, शेंगा, पालेभाजी, इतर भाज्या, कंद, तेलबी, दुग्धजन्य पदार्थ, फळ असे आठ गट आपोआप भरतात. कुठल्याही तक्त्याला हे जमलेले मी पाहिलेले नाही. लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत हा सण आहे, घरी मराठी बोलत असोत की कन्नड. आहाराचा धडा त्याच आठवड्यात घ्यावा. मुलांनी घरून भज्जीतल्या जिनसांची यादी लिहून आणावी आणि वर्गात गट पाडावेत. आजीला विचारल्याशिवाय ती यादी पूर्ण होणार नाही, हा फायदा वेगळाच.

बीदर आणि कलबुर्गीच्या शिक्षण उपसंचालकांना माझी विनंती आहे की येत्या वर्षापासून आठवड्यातून एक दिवस तरी शाळेत जोंधळ्याची भाकरी द्यावी, अंडे न खाणाऱ्या मुलांना केळ्याबरोबर शेंगदाणे द्यावेत आणि रोजचे ठरलेले प्रमाण स्वयंपाकघराच्या दारावर मराठी-कन्नडमध्ये लिहावे. पालकांनी शाळा समितीच्या बैठकीत हे तिन्ही ठराव मांडावेत.

एक निवृत्त शिक्षिका,
भालकी, जि. बीदर