पीएच.डी.नंतरची उमेदवारी

पुणे-सातारा महामार्गावरील वरवे बुद्रुकसारख्या गावात दुकान थाटलेल्या घराला मुलीची पीएच.डी. समजते, त्यानंतरची दोन-तीन वर्षे मात्र समजत नाहीत. ‘एवढे शिकूनही पक्की नोकरी नाही?’ हा प्रश्न स्थळ पाहताना हमखास निघतो, आणि पुष्कळ मुलींचे संशोधन तेथेच थांबते.

वास्तविक व्यापारी घराला ही रीत अपरिचित नसावी. स्वतःची पेढी उघडण्यापूर्वी मुलाला दुसऱ्याच्या पेढीवर बसविण्याची चाल जुनीच आहे. पोस्ट-डॉक ही तशीच उमेदवारी होय. प्रयोगशाळा दुसऱ्याची, पण संशोधनाचा प्रश्न हळूहळू स्वतःचा होत जातो. आयआयटीत प्रथम श्रेणीच्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.नंतरचा किमान तीन वर्षांचा अनुभव मागतात, तो बहुतेकांना येथेच मिळतो.

या टप्प्याशी ज्यांचे नाव जोडले गेले ते डॉ. दौलतसिंह कोठारी जैन कुटुंबातलेच. १९०६ साली उदयपुरात जन्म, अलाहाबादेत मेघनाद साहांकडे अध्ययन, केंब्रिजची डॉक्टरेट, आणि १९६१ ते १९७३ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद. स्याद्वाद व आधुनिक भौतिकशास्त्र यांच्या नात्यावरही त्यांनी लिहिले. आयोगाने त्यांच्या नावे विज्ञान व अभियांत्रिकीसाठी पोस्ट-डॉक्टरल शिष्यवृत्ती सुरू केली, आणि तिचा कारभार गणेशखिंडीच्या पुणे विद्यापीठातून चाले. वरव्याहून गणेशखिंड काही परमुलूख नव्हे!

आता हिशेब. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार प्रकल्पावरील रिसर्च असोसिएटला अनुभवाप्रमाणे दरमहा ५८, ६१ किंवा ६७ हजार रुपये व घरभाडे मिळते. प्रकल्प संपला की पदही संपते; हे आरंभीच समजून घ्यावे, लपवू नये. अनुदान आयोगाने ५ सप्टेंबर २०२२ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या नावे ९०० जागांची शिष्यवृत्ती जाहीर केली. तीत ३० टक्के जागा महिलांसाठी ठेवल्या. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असून तिची वयोमर्यादा ३५. महिलांना पाच वर्षांची सवलत. लग्नानंतर वा बाळंतपणानंतर परतू पाहणाऱ्या मुलीसाठी ही पाच वर्षे मोलाची आहेत, पण सासरी त्यांची माहिती असेल तरच.

या फेलोशिपला मार्गदर्शकाची संमती व यजमान संस्थेची शिफारस लागते. ती एका पत्रात मिळत नाही. ज्यांचे काम आपल्या विषयाशी जुळते, त्यांचे शोधनिबंध वाचून, स्वतःचा संशोधन-आराखडा जोडून लिहावे लागते, आणि उत्तराची वाट पाहावी लागते. मध्यस्थाला पैसे देऊन जागा मिळते, ही समजूत मात्र बाळगू नये. पत्रव्यवहार प्रबंध सादर करण्यापूर्वीच सुरू झाला पाहिजे. नेमक्या त्याच दिवसांत घरात मुहूर्त काढण्याची घाई चालू असते. तेव्हा तिथीच्या शेजारी अर्जाची अंतिम तारीखही लिहून ठेवावी.