जुन्या पत्त्यावरची पाटी

गेल्या आषाढी एकादशीस आमच्या परिचयांतील एका घरीं एक लहानसा प्रसंग घडला. घरांतील आजीबाईंना उपवासाची भाजणी हवी होती. ज्या दुकानची भाजणी त्यांस पसंत, त्याचें जुनें रिकामें पुडकें फडताळांत होतेंच. अशा पुडक्यांवर क्यूआर कोड म्हणून चौकोनी ठिपक्यांची खूण छापलेली असते. नातवानें तिच्यावर मोबाइल धरला, पान उघडलें, त्यावर ठळक अक्षरांत 'भाजणी' दिसलें आणि मागणी गेली. एकादशीच्या सकाळीं पीठ भिजवितांना सूनबाईंस धण्यांचा वास आला. पाहतात तों ती थालीपिठाची साधी भाजणी. बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, सर्व कांहीं तींत होतें. वेळींच ध्यानांत आल्यामुळें उपवास मोडला नाहीं. आजीबाईंनीं दूध व शेंगदाणे यांवर दिवस काढला, आणि दुसऱ्या दिवशीं पारणें झाल्यावर दुकानास फोन लावला. "अरे, तुझ्या वडिलांच्या हातून असा डबा कधीं चुकला नव्हता हो," एवढेंच त्या म्हणाल्या. तेवढें पुरेसें होतें.

दुकान पुण्यांतील, दोन पिढ्यांचें, व्यवहार चोख. मग चूक झाली कोठें? चिरंजीवांनीं तीन आठवड्यांपूर्वीं संकेतस्थळावरील मालाची जुनी यादी काढून नवी बसविली होती. जुन्या यादींत प्रत्येक जिनसाच्या पानाचा पत्ता एका क्रमांकानें संपत असे, आणि ४२ हा क्रमांक उपवासाच्या भाजणीचा होता. नव्या यंत्रणेनें एकापासून पुन्हां मोजावयास आरंभ केला व ४२ हा क्रमांक साध्या भाजणीस मिळाला. पुडक्यावरील ठिपक्यांस या फेरबदलाची वार्ता कोण देणार?

घर बदललें म्हणजे आपण टपालखात्यास कळवितों. दुकान पलीकडच्या आळींत नेलें तर जुन्या फळीवर खडूनें कां होईना, एक पाटी लावतों. इंटरनेटवरही या पाटीची सोय आहे. जुना पत्ता कोणीं विचारला असतां यंत्रानें '३०१' हा अंक व त्यासोबत नवा पत्ता सांगावयाचा. विचारणाऱ्याचा ब्राउझर मुकाट्यानें तेथें जातो. '३०२' म्हणजे स्थलांतर तात्पुरतें. '४०४' म्हणजे असें पान येथें नाहीं, आणि '४१०' म्हणजे पूर्वीं होतें, आतां कायमचें गेलें. या जाळ्याचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीं १९९८ सालींच लिहून ठेवलें कीं, चांगले पत्ते बदलत नसतात. त्यांचें ऐकलें किती जणांनीं, तें निराळें. अमेरिकेंतील प्यू रिसर्च सेंटरनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २०१३ सालच्या पानांपैकीं ३८ टक्के पानें दहा वर्षांनीं मिळेनाशीं झालीं होतीं.

आमच्या या तरुण मित्रांनीं पाट्या मुळींच लावल्या नव्हत्या असें नव्हे. जे जुने पत्ते नव्या यादींत सांपडले नाहींत, ते सगळे त्यांनीं सरसकट दुकानाच्या पहिल्या पानाकडे वळविले होते. हा उपाय फार लोकप्रिय आहे आणि आमच्या मतें आळसाचा आहे. डिंकाच्या लाडवांची चौकशी करणाऱ्यास हाताला धरून दरवाज्यांत आणून उभें करावयाचें, आणि समोर दिवाळीच्या भेटपेट्यांची आरास! गूगलही अशा वळणांस बहुधा वळण मानीत नाहीं. पान नाहींसें झालें असेंच धरतें. म्हणजे गिऱ्हाइकही गेलें आणि इतक्या वर्षांची पुण्याईही गेली.

परंतु याहून वाईट दोष ४२ क्रमांकाचा. पान मिळालें नाहीं तर मनुष्य निदान शोध घेतो, फोन करतो. भलतेंच पान मिळालें तर तो विश्वासानें फसतो. येथें पाटी लावण्यासही जागा उरली नव्हती, कारण त्याच पत्त्यावर दुसरें बिऱ्हाड आलेलें. शेवटीं नव्या यादीस क्रमांकांऐवजीं जिनसांच्या नांवांचे पत्ते द्यावे लागले, आणि मोकळे झालेले क्रमांक जुन्या अर्थानें वळवावे लागले. मधल्या तीन आठवड्यांत ज्यांनीं नवे क्रमांक टिपून घेतले, त्यांची गैरसोय झाली खरी. पण छापलेलें पुडकें परत बोलावतां येत नाहीं. त्याचाच मान आधीं.

मग पितापुत्रांनीं बसून तीन रकान्यांची वही केली: जुना पत्ता, नवा पत्ता, शेरा. जुन्या यादीची प्रत सुदैवानें जपलेली होती. तींत नसलेले पत्ते यंत्राच्या दैनिक नोंदींतून निघाले, कारण तेथें कोणीं काय मागितलें व काय उत्तर मिळालें तें ओळीनें लिहिलेलें असतें. 'उपवासाचे पदार्थ' अशा विभागांच्या पत्त्यांत मधें प्रश्नचिन्ह होतें, तेथें त्यांचा एक दिवस गेला. अपाची या सर्व्हरची साधी वळणाची आज्ञा प्रश्नचिन्हापुढील भाग तपाशीतच नाहीं. त्यासाठीं निराळा नियम लिहावा लागतो. ब्राउझर ३०१ चें उत्तर बरेच दिवस लक्षांत ठेवतो, चुकीचें असलें तरी. म्हणून प्रथम सर्वत्र ३०२ लावून पाहिलें व खात्री झाल्यावर पाट्या पक्क्या केल्या. जुन्यावरून मधल्या, मधल्यावरून नव्या अशी पत्त्यांची आगगाडीही त्यांनीं मोडून प्रत्येकास थेट मुक्कामीं पोंचविलें.

साखरआंब्याचें पान मात्र वडिलांनीं काढूं दिलें नाहीं. माल नाहीं म्हणजे जिन्नस संपला असें नव्हे. 'वैशाखांत मिळेल' असें लिहून पान जागेवर ठेविलें. गूगलचा सल्ला वळणें शक्य तितका काळ, निदान वर्षभर तरी, ठेवण्याचा आहे. वर्षभर हें आम्हांस फार थोडें वाटतें. आमच्या घरांतील मसाल्याच्या डब्यावरचीं लेबलें त्याहून कितीतरी जुनीं आहेत.

वही पुरी होत आली तेव्हां एक पत्ता उरला, क्रमांक १७. कोणत्याच यादींत त्याचें नांव नव्हतें, पण नोंदींत तो अधूनमधून मागितला जात होता. वडिलांनीं बराच विचार करून सांगितलें कीं, तें त्यांच्या मातोश्रींचें मेतकूट. त्या गेल्यावर तें करणें बंद झालें व पानही काढलें गेलें. मुलानें त्यास बाजारांतून येणाऱ्या दुसऱ्या मेतकुटाकडे वळविण्याचें सुचविलें. वडील नको म्हणाले. आतां त्या पत्त्यावर ४१० लागतो, आणि खालीं एक ओळ दिसते: 'हें मेतकूट आतां होत नाहीं.' महिन्यांतून तीन-चार वेळां तें पान कोणीतरी अजून उघडतें.