सॅटर्न म्हणजे शनी? ग्रहापुरते खरे, देवापुरते नव्हे

१/ मराठीत ‘सॅटर्न’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर उत्तर ठरलेले असते : शनी. ग्रहापुरते हे उत्तर अचूक आहे. मात्र त्याच आधारावर सॅटर्न या रोमन देवाला ‘रोमनांचा शनिदेव’ म्हटले जाते, तेव्हा इतिहासाची मोठी गल्लत होते. कड्यांचा ग्रह आणि रोमच्या चौकातला देव यांचे नाव एक आहे. त्यांचे मूळ, स्वभाव आणि कथा मात्र वेगळ्या आहेत.

२/ आधी देव. रोमच्या फोरममध्ये, कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी आठ उंच खांब आजही उभे आहेत. ते सॅटर्नच्या मंदिराचे. परंपरेनुसार या मंदिराची प्रतिष्ठापना इ.स.पू. ४९७ मध्ये झाली. राजेशाही संपून प्रजासत्ताक तेव्हा नुकते उभे राहत होते. आज दिसणारे खांब बऱ्याच नंतरच्या पुनर्बांधणीचे आहेत. आगीत नष्ट झालेले मंदिर सिनेट आणि रोमन जनतेने पुन्हा उभारले, असे त्यांवरील लेख सांगतो.

३/ हा देव शेतीचा. त्याची खूण विळा. वॅरो या रोमन पंडिताने त्याचे नाव ‘पेरणी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडले. ही व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्रज्ञांना फारशी पटत नाही. पण रोमन माणूस आपल्या देवाकडे कोणत्या नजरेने पाहत होता, हे तिच्यावरून कळते. त्या नजरेत आकाश नव्हते. ओली माती, बियाणे आणि कापणी होती.

४/ याच मंदिरात प्रजासत्ताकाचा सार्वजनिक खजिना असे. इ.स.पू. ४९ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर ज्युलियस सीझर तो ताब्यात घ्यायला आला, तेव्हा मेटेलस नावाचा ट्रिब्यून त्याला आडवा गेला. सीझरने त्याला दाद न देता खजिना उघडवला. प्रसंग राजकीय आहे, पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. ज्याची नुसती दृष्टी पडली तरी वाटोळे होते, अशा देवाच्या हवाली कोणतेही राज्य आपली तिजोरी करत नाही.

५/ व्हर्जिलच्या ‘एनिड’ महाकाव्याच्या आठव्या सर्गात सॅटर्न हा परागंदा राजा आहे. ज्युपिटरने हाकलल्यावर तो इटलीत येतो, डोंगरांत विखुरलेल्या माणसांना एकत्र आणतो, त्यांना कायदे देतो. त्याच्या राज्याला लोक सुवर्णयुग म्हणतात. रोमन मनातला सॅटर्न हा असा होता : हरवलेल्या सुखाचा धनी.

६/ त्या सुखाची आठवण म्हणजे सॅटर्नेलिया. १७ डिसेंबरला सुरू होणारा हा सण पुढे अनेक दिवस चालू लागला. कचेऱ्या बंद, एरवी निषिद्ध असलेला जुगार मोकळा, मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्यांची भेट. भारदस्त टोगा बाजूला पडे आणि मुक्त झालेल्या गुलामाची टोपी सर्वांच्या डोक्यावर चढे. काही घरांत तर मालक गुलामांना वाढत असत.

७/ येथे भाबडेपणा नको. सण संपला की गुलाम पुन्हा गुलामच असे. एका दिवसाच्या उलटापालटीने रोमची गुलामगिरी सैल झाली नाही; उलट वर्षभराचा ताण निचरून ती टिकायला मदतच झाली असावी. तरीही एक तपशील बोलका आहे. मंदिरातील सॅटर्नच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या बंधांनी बांधलेले असत आणि ते या सणातच सोडले जात. देवही तेवढ्यापुरताच मोकळा होई.

८/ मग पोरे गिळणारा, भेसूर सॅटर्न कुठून आला? ग्रीसमधून आणि अनुवादातून. इ.स.पू. तिसऱ्या शतकात लिव्हियस अँड्रोनिकसने होमरचे ‘ओडिसी’ लॅटिनमध्ये आणले, तेव्हा ‘क्रोनोसचा पुत्र’ हा ‘सॅटर्नचा पुत्र’ झाला. हेसिओडच्या काव्यातला क्रोनोस विळ्याने बापाला खच्ची करतो आणि सत्ता जाईल या भीतीने स्वतःची मुले गिळतो. विळा दोघांकडे होता. सुवर्णयुगाची आख्यायिकाही क्रोनोसभोवती आधीच होती. एवढे साम्य पुरले, आणि क्रोनोसची पापे सॅटर्नच्या खात्यावर चढली.

९/ रोमनांनी हे मिश्रण आपखुशीने स्वीकारले, हे नाकारता येत नाही. सॅटर्नला ग्रीक पद्धतीने, डोके उघडे ठेवून बळी दिला जाई. पण पुढच्या काळात मिश्रणातला एकच रंग उरला. समाजमाध्यमांवर ‘रोमन देव सॅटर्न’ म्हणून हमखास दिसणारे चित्र फ्रान्सिस्को गोयाचे आहे : डोळे वटारून मानवी देह फाडणारा म्हातारा. गोयाने ते १८२० ते १८२३ च्या दरम्यान आपल्या घराच्या भिंतीवर रंगवले. त्याला त्याने नावही दिले नव्हते. आजचे शीर्षक इतरांनी दिलेले आहे. रोमचा पुरावा म्हणून ते चित्र दाखवणे अन्यायाचे आहे.

१०/ आता ग्रह. त्याची कथा रोममध्ये सुरू होत नाही. बॅबिलोनी निरीक्षकांनी या संथ ज्योतीला ‘स्थिर’ अशा अर्थाचे नाव दिले होते आणि निनुर्ता या देवाशी तिचे नाते जोडले होते. ग्रहांना देवांची नावे देण्याची ही रीत पुढे ग्रीकांनी उचलली. त्यांनी हा ग्रह क्रोनोसला वाहिला; मात्र ‘फाइनोन’, म्हणजे ‘तेजस्वी’, हे त्याचे दुसरे नावही प्रचारात राहिले. इ.स.पू. ४५ च्या सुमारास सिसेरो लिहितो तेव्हा तो ‘सॅटर्नचा तारा’ म्हणतो, ग्रीक नाव सांगतो आणि फेरीला सुमारे ३० वर्षे लागतात हेही नोंदवतो. प्रत्यक्ष आकडा साडेएकोणतीसच्या जवळ आहे.

११/ ग्रहाचा खिन्न, थंड स्वभाव ठरवला तो ज्योतिषाने. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने त्याचे कारणही मांडले : हा ग्रह सूर्याच्या उष्णतेपासून आणि पृथ्वीच्या ओलाव्यापासून सर्वांत दूर, म्हणून थंड आणि कोरडा, म्हणून अशुभ. या युक्तिवादात पेरणी नाही, खजिना नाही, डिसेंबरचा सण नाही. हा स्वभाव अंतराच्या हिशेबातून निघाला आहे, देवळातून नव्हे.

१२/ हाच हिशेब आठवड्यात उतरला. मंद ते वेगवान असा ग्रहांचा क्रम लावायचा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा एकेक तास एकेका ग्रहाला द्यायचा. पहिल्या तासाचा स्वामी तो त्या दिवसाचा स्वामी. शनीपासून मोजले की पंचविसावा तास रवीचा येतो, त्यापुढचा पंचविसावा चंद्राचा. शनिवारनंतर रविवार आणि रविवारनंतर सोमवार का, याचे उत्तर हे. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या भिंतीवर वारांची यादी खरडलेली सापडली आहे; तिची सुरुवात सॅटर्नपासून होते.

१३/ ही पद्धत भारतातही आली. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळातील इ.स. ४८४ चा स्तंभलेख आहे. त्यात तिथीबरोबर गुरुवारचा उल्लेख आहे. वाराची नोंद असलेला हा भारतातला सर्वांत जुना ज्ञात कालांकित लेख मानला जातो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त शनीचे एक नाव ‘कोण’ असे येते. विद्वान ते ‘क्रोनोस’चे संस्कृत रूप मानतात.

१४/ म्हणजे देवाणघेवाण झाली, यात शंका नाही. पण प्रवास कशाचा झाला? ग्रहांच्या क्रमाचा, वारांचा, गणिताचा, एखाद्या नावाचा. सॅटर्न देव त्या सामानात नव्हता. भारतात ग्रहाला जे व्यक्तिमत्त्व मिळाले ते इथल्या मातीतले : सूर्य आणि छाया यांचा पुत्र, ‘शनैश्चर’ म्हणजे हळू चालणारा. त्याने बापाला खच्ची केले नाही, मुले गिळली नाहीत, सुवर्णयुगाचे राज्य केले नाही. ‘शनिमाहात्म्या’त विक्रम राजाची दशा होते ती गर्वाची आणि कर्माची कथा आहे.

१५/ साडेसातीचेच पाहावे. साडेएकोणतीस वर्षांची फेरी बारा राशींत वाटली की प्रत्येक राशीला सुमारे अडीच वर्षे येतात. चंद्रराशी आणि तिच्या आगेमागे एकेक, अशा तीन राशी धरल्या की साडेसात. आकाशातली संथ गती आकड्यात पकडून तिच्यावर भीतीची इमारत उभी केलेली दिसते. रोमन शेतकऱ्याच्या सॅटर्नला असा हिशेब ठाऊकच नव्हता.

१६/ साम्ये शोधण्याच्या छंदात किती मोठा सापळा असतो, हे तेलावरून दिसते. रोममधल्या सॅटर्नच्या मूर्तीच्या आत तेल भरलेले असे, असे प्लिनी लिहितो. शनिशिंगणापूरच्या शिळेवर भक्त तेल वाहतात. ‘तेल तिथेही, तेल इथेही!’ एवढ्यावर एखादा धागा हजारो लोकांपर्यंत जाईल. पण प्लिनीने कारण स्पष्ट दिले आहे : जुने तेल हस्तिदंताला कुजू देत नाही. तिथे तेल मूर्तीच्या जतनाचे साधन, इथे ते भक्ताचे अर्पण. वस्तू एक, अर्थ दोन. इतिहास अर्थाचा असतो.

१७/ आणि कडी? ज्या कड्यांशिवाय आज हा ग्रह ओळखू येत नाही, ती नाव देणाऱ्यांपैकी कोणीच पाहिली नव्हती. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून तीन गोळे एकमेकांना खेटून असल्यासारखे दिसले. १६१२ मध्ये बाजूचे दोन्ही गायब झाले, आणि सॅटर्नने आपली पोरे गिळली की काय, असे त्याने पत्रात विचारले. कडी पृथ्वीच्या दिशेने कडेवर आली होती, एवढेच. सपाट, ग्रहाला कुठेही न चिकटलेले कडे आहे, हे १६५९ मध्ये क्रिस्तियान हायगेन्सने मांडले. पण गॅलिलिओच्या तोंडी आलेली कथा पाहावी : नाव सॅटर्नचे, गोष्ट क्रोनोसची.

१८/ यावर एक रास्त आक्षेप येईल. ग्रहाला सॅटर्न हे नाव खुद्द रोमनांनीच वापरले. मग दोघांना वेगळे करणारे आज आपण कोण? उत्तर असे की, रोमनांनी दोघांना जोडले, पण त्यांच्यासाठी ती भर होती. ग्रहाला नाव दिल्यावरही डिसेंबरचा सण चालूच राहिला आणि त्यात ग्रहशांती नव्हती. आज मात्र भर उरली आहे आणि मूळ पुसले गेले आहे. ‘सॅटर्न म्हणजे शनी’ हे समीकरण त्या पुसण्यावर शेवटचा हात फिरवते.

१९/ ‘त्यांनी सगळे आपल्याकडून घेतले’ आणि ‘आपण सगळे त्यांच्याकडून घेतले’ ही दोन्ही वाक्ये लिहायला सोपी आहेत, कारण दोन्हींत नावे जुळवली की काम संपते. अभ्यास त्यानंतर सुरू होतो : नाव कोणी दिले, कोणत्या भाषेतून आले, वाटेत काय गळले? शनिवार हा खराखुरा सामायिक वारसा आहे. तो बॅबिलोन, ग्रीस, रोम आणि भारत यांना जोडतो. शनिदेव आणि सॅटर्न यांना मात्र आपापल्या देवळात राहू द्यावे. त्यात दोघांचाही मान राहतो.

(समाप्त)