ढाल त्यांच्या हाती, घमेलं आमच्या डोक्यावर

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. १० मार्चपर्यंत सुरक्षा सप्ताह चालतो. म्हणजे आपला ८ मार्च ऐन त्या सप्ताहात येतो. पण या दोन दिवसांची गाठ कधी पडली आहे का? सप्ताहात शपथा होतात, पोस्टर लागतात. वर्षाकाठी बांधकाम कंपन्यांना उत्तम सुरक्षेबद्दल ढाली आणि प्रमाणपत्रे मिळतात. साहेब टाळ्या वाजवतात. घमेले वाहणारी बाई त्या सभागृहात नसते.

ती कुठे असते? पेठ तालुक्यात पाऊस धो धो कोसळतो आणि काही महिन्यांतच हंडाभर पाण्यासाठी वणवण सुरू होते. भात, नागली, वरई घरात आली की माणसे दाराला कडी लावून बाहेर पडतात. कुणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, कुणी नाशिकच्या बांधकामांवर. नवरा-बायको जोडीने जातात, काखेत लेकरू असते. मुकादम मजुरी ठरवतो ती जोडीची, आणि पैसे पडतात बहुधा नवऱ्याच्या हातात. बाई बिगारी म्हणून लागते आणि बिगारी म्हणूनच म्हातारी होते. गवंड्याची थापी तिच्या हातात कुणी देत नाही.

आता पुरस्काराचा हिशेब पाहा. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सुरक्षा पुरस्कार १९६५ पासून आहेत. त्यांत मुख्यतः पाहतात ते हे, की कामाच्या एकूण तासांच्या मानाने अपघात किती कमी झाले. या तासांना इंग्रजीत 'मॅन-अवर्स' म्हणतात. नावातच बाई नाही! पण खरी गोम पुढे आहे. अपघात कागदावर आला तरच तो मोजला जातो. पोटकंत्राटदाराच्या मुकादमाने आणलेल्या बाईचे नाव हजेरीपटावर नसते. ती परातीवरून पडली, हात मोडला, मुकादमाने थोडे पैसे देऊन तिला पेठच्या गाडीत बसवले, की कंपनीचा आकडा शून्यच राहतो. म्हणजे ढालीच्या मोहाने अपघात टळतोच असे नाही, तो लपवला जातो.

आणि अपघात म्हणजे तरी काय? सिमेंटने सोललेले हात, ओझ्याने पडलेले पोट, बाहेर आलेले अंग, संडास नाही म्हणून अंधार पडेपर्यंत दाबून धरलेली लघवी, मुकादमाची नजर आणि त्याचा हात, हे कुठल्या रकान्यात लिहायचे? पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या रात्री सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ माणसे मेली, त्यांत लहान मुलेही होती. ती सारी झोपेत होती. झोपेचे तास कामाच्या तासांत धरत नाहीत.

कुणी म्हणेल, पुरस्कारांमुळे चांगल्या कंपन्यांना उत्तेजन मिळते. मोठ्या कामांवर हेल्मेट, जाळी, पट्टे आले, हे खोटे नाही. पण पेठची बाई बहुधा तीन-चार मजल्यांच्या इमारतीवर राबते. तिथे ना जाळी, ना ढालीची स्पर्धा. आणि कायद्याने जे द्यायलाच हवे, ते दिल्याबद्दल सत्कार कसला? १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यात संडास, तात्पुरती घरे, पन्नासहून अधिक बायका असतील तर पाळणाघर, हे सारे लिहिलेले होते. राज्याचे नियम यायला २००७ उजाडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितांनी घेतली. तरी लेकरू वाळूच्या ढिगावरच झोपते आहे. कल्याण मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एका हंगामात तीन मुकादम बदलणाऱ्या बाईने तो कुणाकडे मागायचा?

म्हणून आपले म्हणणे स्पष्ट आहे. पुरस्कार देण्याआधी पोटकंत्राटातल्या बायकांची नावे हजेरीपटावर आहेत का ते पाहा. संडास, पाळणाघर, झोपड्यांची जागा यांनाही गुण ठेवा. झोपडीतला मृत्यूही मोजा. परीक्षकांत बांधकामावरच्या बायका घ्या. त्यांच्याशी मुकादम नसताना, त्यांच्या बोलीत बोला. आणि अपघात लपवल्याचे उघड झाले तर ढाल परत घ्या.

हे कुणी आपणहून करणार नाही. पेठमधल्या गटांनी दिवाळीच्या आधीच पाड्यापाड्यावर बसावे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईने मुकादमाचे नाव, बांधकामाचा पत्ता, बिल्डरचे नाव वहीत लिहून गटाकडे ठेवावे. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्यावे. बाई जखमी होऊन परतली तर भरपाईचा दावा लावायला आपल्या हाती तेवढा तरी कागद राहील. पुढच्या ८ मार्चला त्या वह्या घेऊनच नाशिकच्या कामगार कार्यालयावर जाऊ. त्यांच्या शून्याशेजारी आपला आकडा मांडू.