वाचलेली मिनिटं कुणाच्या खात्यात?

रमजान जवळ आला की मोबाइलवर स्वयंपाकाच्या टिप्सचा पाऊस सुरू होतो. पंधरा मिनिटांत इफ्तार, रविवारी एकदाच करा आठवड्याचा मसाला, नोकरी करणाऱ्या महिलांसाठी झटपट सहेरी. यातल्या बऱ्याच टिप्स खरोखर कामाच्या असतात आणि त्यांची थट्टा करण्याचं काही कारण नाही. पण त्या नीट ऐका. प्रत्येक टिप एकाच व्यक्तीला उद्देशून असते. घर सगळ्यांचं, भूक सगळ्यांची, रोजाही सगळ्यांचा; धावपळ मात्र एकटीने कमी करायची.

आपल्या औंढा नागनाथ तालुक्याचंच बघू. बाहेरच्या माणसाला औंढा म्हटलं की ज्योतिर्लिंगाचं देऊळ आठवतं. आपल्याला त्यासोबत हळदही आठवते. शेजारच्या वसमतची बाजारपेठ हळदीवर चालते आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ही हळद जानेवारी ते मार्च या काळात निघते. खणायची, गड्डे मोडायचे, माती झाडायची, शिजवायची, वाळत घालायची. यातलं बसून, वाकून करायचं बहुतेक काम बायकांच्या वाट्याला येतं. मजुरीला गेलेली बाई संध्याकाळी घरी येते आणि मग तिचा दुसरा दिवस सुरू होतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ साली तो आपल्याकडे २ मार्चला सुरू झाला, म्हणजे ऐन हळदीच्या हंगामात. त्याच वेळी बोर्डाच्या परीक्षाही चालू होत्या. त्या वर्षी बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीपासून १८ मार्चपर्यंत होती आणि दहावीची २१ फेब्रुवारीपासून १७ मार्चपर्यंत. पुढची काही वर्षं रमजान हिवाळ्याकडे सरकत जाईल, म्हणजे सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकांच्या दिवसांत येईल.

आता असं एक घर डोळ्यांसमोर आणा जिथे भाऊ दहावीला आहे आणि बहीण बारावीला. दोघांचाही रोजा, दोघांचाही पेपर. सहेरीसाठी पहाटे अम्मीबरोबर कोण उठतं? इफ्तारच्या आधीचा तास, जेव्हा डोकं सगळ्यात थकलेलं असतं, तेव्हा भजी कोण तळतं आणि पुस्तक कुणाच्या हातात असतं? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मी देत नाही. एवढंच सांगतो की दोघांची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. निकाल लागल्यावर आपण म्हणतो, पोरगी जरा कमी पडली.

औंढ्याजवळ दुधाळा इथे गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आपल्या तालुक्यातल्या मुलींनी तिथे शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ म्हणून जावं असं आपण सभांमध्ये बोलतो. बारावीचं भौतिकशास्त्र मात्र संध्याकाळी पाच ते सात या वेळेतच वाचायचं असतं, आणि त्या वेळी ती चुलीपुढे असते.

हे फक्त आपल्या मोहल्ल्याचं रडगाणं नाही, सगळ्या देशाचं आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटं. तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांच्यापुरतं. मुळात असे पुरुष शंभरात २६ च निघाले, स्त्रिया ८१. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा मोजलं. स्त्रियांची मिनिटं २८९ वर आली. दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांची ८८ झाली. अंतर २०२ मिनिटांचं होतं, ते २०१ झालं. म्हणजे या पाच वर्षांत घरकामातली जी मिनिटं वाचली, ती दोघांनीही जवळजवळ सारखीच आपापल्या खिशात घातली. वाटणी होती तिथेच राहिली.

म्हणून मला टिप्सचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. टिप वेळ वाचवते, पण वाचलेला वेळ कुणाचा हे ती ठरवत नाही. रविवारी आठवड्याचा मसाला करून ठेवायचा तर तो रविवार कुणाचा जातो? रात्री डाळ भिजत घालायची आठवण कुणाच्या डोक्यात असते? उद्या काय करायचं, हा प्रश्न घरात रोज एकाच व्यक्तीला पडतो. हेही काम आहे आणि ते कुठल्याच घड्याळात दिसत नाही.

आता काही टिप्स मीही देतो, पण पोरांना.

तुरीची डाळ अर्धा-पाऊण तास भिजवली की लवकर शिजते आणि गॅस वाचतो. चिंचेचा कोळ किंवा अंबाडी डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर डाळ कडक राहते आणि शिट्टीवर शिट्टी होत राहते. आलं-लसणाची पेस्ट मीठ आणि थोडं तेल घालून फ्रिजमध्ये ठेवली की आठवडाभर चालते. कांदा परतताना सुरुवातीलाच चिमूटभर मीठ टाका, पाणी सुटून तो लवकर मऊ पडतो. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळलं की भाकरीच्या कडा फाटत नाहीत आणि नवशिक्यालाही थापता येते. इफ्तारचा उरलेला भात सहेरीसाठी ठेवायचा असेल तर पसरून थंड करा आणि लगेच फ्रिजमध्ये टाका. मार्चच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पोट बिघडवतो, आणि तो पुन्हा गरम केला तरी धोका जात नाही. रात्री वीज बराच वेळ गेली असेल तर तो भात सहेरीला खाऊच नका.

आणखी एक गोष्ट, कारण ती अनेक जण विचारतात. इंटरनेटवरच्या पास्ता-चिकनच्या रेसिपींमध्ये हमखास अर्धा कप वाइन असते आणि खाली लिहिलेलं असतं, काळजी नको, शिजताना अल्कोहोल उडून जातं. ते पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार पंधरा मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के अल्कोहोल पदार्थात उरतं. त्यामुळे खायचं की नाही हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावं, पण चुकीच्या माहितीवर ठरवू नये. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला. दुकानाच्या फळीवर काय ठेवायचं यावर आपण सगळे हिरिरीने बोललो. घरातल्या ओट्यापाशी कोण उभं राहतं यावर तेवढं कधी बोललो नाही.

रस्स्यात वाइन करते काय? आंबटपणा देते आणि भांड्याच्या तळाला चिकटलेला मसाला सोडवते. हे काम आपल्याकडे चिंच, लिंबू, दही आणि अंबाडी पिढ्यान्‌पिढ्या करत आलेली आहेत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथला खट्टा, दालचा, अंबाडा गोश्त आजही आपल्या ताटात आहे. सिरकाही चालतो, पैगंबरांनी (स.) सिरक्याला उत्तम तोंडीलावणं म्हटल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तेव्हा पोरांनो, रेसिपीत वाइन दिसली की एक चमचा सिरका, थोडं पाणी, आणि पुढे चला.

आता नेहमीचा युक्तिवाद. स्वयंपाक पुरुषाचं काम नाही, असं म्हणतात. मग लग्नात देग कोण चढवतं? पाचशे माणसांची बिर्याणी करणारा बावर्ची पुरुषच असतो. देवळाच्या रस्त्यावरच्या हॉटेलात भजी तळणाराही पुरुषच. पुरुषाला स्वयंपाक येतो, तो करतो, आणि त्याचे पैसेही घेतो. फक्त जिथे पैसे मिळत नाहीत तिथे त्याचा हात थांबतो. म्हणजे प्रश्न मर्दानगीचा नाही, मजुरीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, अपघातात दगावलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईच्या निकालात, हेच नोंदवलं की घरकामाला आर्थिक मोल आहे. त्या निकालात २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडेही आहेत. मोल मोजायला बाई मरावी लागते, हे मात्र आपल्याला शोभत नाही.

धर्माचा आधार घेणाऱ्यांनी धर्म पूर्ण वाचावा. पैगंबर घरी काय करत असत, असं हजरत आयशांना (र.) विचारलं गेलं. त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. बायकोवर स्वयंपाकाची कायदेशीर सक्ती आहे का, यावर जुन्या फकीहांमध्ये मोठी चर्चा आहे आणि त्यांतल्या अनेकांनी 'नाही' असंच उत्तर दिलं आहे. आपण सुन्नत म्हणून दाढी, मिसवाक, खजूर सगळं लक्षात ठेवतो. घरकामाची सुन्नत तेवढी विसरतो.

दुसरा युक्तिवाद जास्त खरा आहे: अम्मीच नको म्हणते. मुलगा स्वयंपाकघरात आला की ती त्याला हाकलते, पसारा करशील म्हणते, लोक काय म्हणतील म्हणते. हे होतं, आणि त्यात तिची चूक नाही. आयुष्यभर तिला एकच जागा स्वतःची म्हणून मिळाली, ती सहज कशी सोडेल? म्हणून मोठ्या घोषणा करून आत शिरू नका. ज्या कामाला कुणी हरकत घेत नाही तिथून सुरू करा. इफ्तारनंतरची भांडी घासा. रात्री डाळ-चणे भिजत घाला आणि ते आपल्या लक्षात ठेवा, तिच्या नाही. फळं तुम्ही कापा. सहेरीचा गजर तुमच्या मोबाइलवर लावा आणि चहा तुम्ही टाका. पंधरा दिवसांत भाकरी थापायला शिकाल. पहिल्या चार नकाशासारख्या होतील, खाऊन टाका.

आणि घरात परीक्षा असेल तर एक नियम करा: ज्याचा पेपर, त्याला ओट्यापासून सुट्टी. मुलगा असो की मुलगी, नियम एकच. बहिणीचा पेपर असेल त्या संध्याकाळी भावाने आणि अब्बांनी चूल सांभाळायची. भावाचा असेल तर बहीण सांभाळेलच, ती आजवर सांभाळत आलीच आहे.

हळदीच्या मजुरीचा हिशोब आपल्याकडे रोजच्या रोज होतो, वहीत लिहिला जातो, एक रुपया इकडेतिकडे झाला तर भांडण होतं. येत्या रमजानचा पहिला आठवडा घरातल्या मिनिटांचीही अशीच वही ठेवा. कोण किती वाजता उठलं, कोण किती वेळ उभं राहिलं, कोण शेवटी जेवलं. सात दिवसांनी ती दस्तरख्वानवर सगळ्यांसमोर उघडा आणि आठव्या दिवसाची कामं तिथेच वाटून घ्या.