संकेतांक म्हणजे निदान नव्हे

सात-आठ माणसांच्या कुटुंबाला वाहून नेणाऱ्या व्हॅनचे इंजिन अडखळू लागते आणि चालकासमोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजात एक लहानसे यंत्र गाडीला जोडले जाते. त्यावर एक संकेतांक उमटतो आणि त्याच्या अर्थात प्राणवायू-संवेदकाचा उल्लेख असतो. तेवढ्यावरून तो संवेदक काढून नवा बसविला जातो. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. खर्च झालेला असतो, दोष मात्र जागच्या जागीच असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार होय.

असे का घडते, हे कळण्यासाठी या संवेदकाचे कार्य पाहिले पाहिजे. १९७६ साली व्होल्व्हो मोटारींत तो प्रथम बसविण्यात आला. त्याच्या नेहमीच्या प्रकारात झिरकोनियाचे एक लहान टोपण असते. टोपणाच्या आतल्या अंगास बाहेरची हवा असते, तर बाहेरच्या अंगास इंजिनातून निघालेला धूर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापल्यावर, दोन्ही अंगांच्या प्राणवायूतील तफावतीनुसार त्यात विद्युत्-दाब निर्माण होतो. धुरात प्राणवायू अधिक असल्यास तो दाब ०.१ व्होल्टच्या आसपास असतो, कमी असल्यास ०.९ व्होल्टच्या. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्यासाठी गाडीतील संगणक या दाबाचा आधार घेतो.

आता एका सिलिंडरात ठिणगी पडली नाही असे समजू. तेथील हवा व पेट्रोल न जळताच बाहेर पडतात. संवेदकाला प्राणवायू कळतो, न जळलेले पेट्रोल कळत नाही. म्हणून तो ‘प्राणवायू फार आहे’ असे सांगतो, आणि ते खरेच असते. संगणक मात्र त्याचा अर्थ ‘पेट्रोल कमी पडते आहे’ असा लावतो व आणखी पेट्रोल सोडतो. संवेदकाने खोटे सांगितलेले नसते. त्याच्या खऱ्या साक्षीवरून चुकीचा निष्कर्ष काढला गेलेला असतो. संवेदकाच्या अलीकडे धुराच्या नळीला चीर असेल, तर तेथून शिरणारी बाहेरची हवाही असाच भ्रम उत्पन्न करते.

पी ०३०१ हा संकेतांक पहिल्या सिलिंडरातील ज्वलन चुकत असल्याचे सांगतो. ते का चुकते, हे तो सांगत नाही. कारण स्पार्क प्लगमध्ये असेल, इग्निशन कॉइलमध्ये असेल, इंधन सोडणाऱ्या इंजेक्टरमध्ये असेल, किंवा झडप नीट न मिटल्याने दाब कमी पडत असेल. ते शोधण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असल्यास पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर बसवून पाहावी. संकेतांक पी ०३०२ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला आणि चोर सापडला. तो पी ०३०१ च राहिला, तर कॉइल निर्दोष ठरली. मग प्लगची तीच परीक्षा करावी. या दोन परीक्षांना नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. संकेतांक पुसण्यापूर्वी, दोष नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनाचे तापमान, फेरे व भार यांची संगणकाने ठेवलेली नोंद मात्र अवश्य उतरवून घ्यावी. ती पुसली की पुरावाच नाहीसा होतो.

संवेदक कधीच बिघडत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पी ०१३५ हा संकेतांक त्याला तापविणाऱ्या विद्युत्-मंडलातील दोष दाखवितो. पण तेथेही आधी फ्यूज व तारा तपासणे हेच शहाणपणाचे.

यावर मेकॅनिकांचा एक आक्षेप असतो व तो रास्त आहे. भाग बदलल्याचे पैसे मिळतात. तासभर तपासून ‘हा भाग चांगला आहे’ असे सांगितल्याचे मिळत नाहीत. हा दोष एकट्या मेकॅनिकाचा नाही. वैद्याला नाडी पाहिल्याबद्दल मोबदला देणारा समाज, यंत्राच्या निदानाला मात्र फुकटची गोष्ट समजतो. गाडीच्या मालकाने तपासणीचे पैसे आनंदाने द्यावेत आणि ‘कोणती परीक्षा केली, मोजमाप काय आले’ असे विचारावे. तंत्रशाळांनीही भाग बदलण्याच्या कौशल्याइतकेच गुण, भाग न बदलण्याचे कारण सिद्ध करण्याला द्यावेत.

दिरंगाई मात्र परवडणारी नाही. दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला, तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याची जाळी वितळण्याचा धोका असतो. अशा वेळी वेग कमी करून सुरक्षित जागी गाडी थांबवावी.

दोष स्वतः नोंदविणारी ही यंत्रणा अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून सक्तीची झाली. भारतात ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. तिने माणसाला प्रश्न नेमका कोठे विचारावा हे दाखवून दिले. उत्तर शोधण्याचे श्रम मात्र अजून माणसाचेच आहेत.