तळ्याकाठी बसायचे कुणी?

पाऊस उघडून आश्विन सरत आला की मराठवाड्यात थोडे दिवस फार छान येतात. दुपारी ऊन चटका देते, पण सकाळ-संध्याकाळ अंगाला बरी वाटते. पाऊस झाला असेल तर तळी, धरणे भरलेली असतात. अशा दिवसांत पाण्याकाठी घर असावे, अंगणात खुर्ची टाकावी, हातात चहा असावा आणि समोर नुसते पाणी. सुखाचे हे चित्र आता आपल्याकडेही ओळखीचे झाले आहे. धरणांच्या काठी शेतघरे उभी राहताहेत. त्यात वाईट काही नाही, माणसाला असे सुख हवेच. प्रश्न एवढाच, की त्या खुर्चीत कोण बसले आहे आणि चहा कुणी करून आणला?

जालना रस्त्यावरच्या शेंद्र्यात ७ सप्टेंबर २०१९ रोजी बचतगटांच्या बायकांचा राज्यस्तरीय मेळावा झाला. पंतप्रधान आले होते. उज्ज्वला योजनेतली आठ कोटीवी गॅसजोडणी त्यांच्या हस्ते तिथेच दिली गेली. गॅस आला, धूर गेला, सरपणाची पायपीट कमी झाली, हे चांगलेच. पण वाचलेला तो वेळ गेला कुठे? बचतगटाच्या हिशेबात, शिलाईत, कारखान्याच्या पाळीत, मुलांच्या अभ्यासात. कर्ज, उद्योग, रोजगार यांवर बायकांशी सगळे बोलतात. ‘तुला निवांत बसायला किती वेळ मिळतो?’ हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

कुणी म्हणेल, खेड्यातली बाई तर उघड्यावरच असते. खरे आहे. याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात कपाशी फुटते आणि वेचणीला बायकाच लागतात. कमरेला ओटी बांधून, दिवसभर वाकून, उन्हात. पाण्यावरही त्या जातात, पण धुण्याचे बोचके घेऊन. नाथसागरावर पक्षी पाहायला शहरातून माणसे येतात. काठावर धुणे बडवणाऱ्या बाईसमोरही तेच पाणी असते आणि तेच पक्षी. तिला फक्त मान वर करायला उसंत नसते. तेव्हा ऊन, वारा, पाणी यांची तिला वाण नाही. वाण आहे ती स्वतःच्या वेळेची.

हे आपण नुसते म्हणत नाही. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे पाहा. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटे होती, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये बाईची २८९ आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, तर पुरुषानेही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली! शिवाय ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच आहे. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. मुलांचे, आजाऱ्यांचे करणे याहून वेगळे.

बाईला मोकळ्यावर यावेसे वाटते हे आपल्या परंपरेलाही ठाऊक होते. म्हणून तर आश्विनात भोंडला आहे, कोजागरी आहे, कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवण आहे. पण भोंडल्याची खिरापत, कोजागरीचे आटीव दूध, आवळीभोजनाचा डबा हे सारे करायचे कुणी? घरातले स्वयंपाकघर त्या दिवशी झाडाखाली जाते, एवढाच फरक. आणि बाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतेच. व्रत, काम नाहीतर आजारपण. पुरुषाला पारावर बसायला निमित्त लागत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या मुंबईवरच्या पुस्तकात हेच मांडले, की कारण न सांगता बाहेर रेंगाळता येणे हाही बाईचा हक्क आहे. मुंबईला जे लागू, ते शेंद्र्याच्या चौकालाही लागू आहे.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, मारहाण, हुंडा, मजुरी, पाणी हे प्रश्न समोर असताना विश्रांतीचे कसले लाड? त्यांनी रविवारची सुट्टी आठवावी. ती कुणी दान दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून ती मागितली. १८९० च्या एप्रिलमधल्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या, आणि १० जूनला मालकांनी मागणी मान्य केली. त्या बायकांचा दिवस बारा-बारा तासांचा होता, पोटाचे प्रश्न आपल्याहून बिकट होते. तरी त्यांना विश्रांती हा लाड वाटला नाही. आज मात्र सगळ्यांची सुट्टी असलेला तोच रविवार बाईला सर्वांत जड जातो.

दूरच्या आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी बायकांनी एक दिवस कामच केले नाही. नोकरीतले नाही, घरातलेही नाही. सुमारे नव्वद टक्के बायका त्यात होत्या. हजारो जणी राजधानीच्या चौकात जमल्या, पुरुषांना मुले घेऊन कामावर जावे लागले. पुढच्याच वर्षी तिथे स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. बायका बसल्या तेव्हाच त्या काय काय करतात ते देशाला दिसले.

मात्र एक सावधगिरी हवी. एकीची विश्रांती दुसरीच्या पाठीवर उभी राहता कामा नये. शेतघरात मालकीणबाई निवांत बसल्या आणि भांडी घासायला गावातली बाई आली, तर काम फक्त एका बाईकडून दुसरीकडे गेले. घरकामगार बायकांची भरपगारी साप्ताहिक सुट्टीची मागणी म्हणूनच आपली सगळ्यांची आहे.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक करून पाहा. प्रत्येकीने कालचा दिवस उठल्यापासून निजेपर्यंत सांगायचा आणि त्यात निव्वळ स्वतःची मिनिटे किती ते मोजायचे. मग ग्रामसभेत मागणी करा, की तळ्याकाठी, बसथांब्यावर बायकांना बसायला जागा, दिवा आणि स्वच्छ संडास हवा. आणि येत्या कार्तिकात एक दिवस सगळ्या मिळून पाण्यावर जा. बोचके न्यायचे नाही, व्याख्यान ठेवायचे नाही. डबा घरातल्या पुरुषांनी करून द्यायचा. भाकरी वाकडी झाली तरी चालेल.

लोक विचारतील, “कशाला गेला होतात?” सांगा, “बसायला.”